स्टुडिओ दाखवतील, तू तपासलेली कॉपी मागून घे

पत्र:
मी निफाड तालुक्यातली. वय २२, यंदा बी.कॉम. झाले. घरी कांदा आणि थोडी द्राक्षबाग. कॉलेजात असल्यापासून एका साप्ताहिकाला बातम्या पाठवते, काही नावानिशी छापून आल्या. मला पत्रकारच व्हायचंय. समोर तीन वाटा आहेत. एक, पुण्याला जाऊन दोन वर्षांचं एम.ए. दुसरी, नाशिक शहरातल्या एका खासगी संस्थेचा वर्षभराचा डिप्लोमा. तिथे मोठा स्टुडिओ आहे आणि ‘शंभर टक्के नोकरी’ असं सांगतात. तिसरी, एका दैनिकानं तालुका वार्ताहर म्हणून विचारलंय, ते घ्यायचं आणि जोडीला मुक्त विद्यापीठातून शिकायचं. मानधन नाही, जाहिरातींवर कमिशन मिळेल. वडील विचारतात, बातम्या लिहायला एम.ए. कशाला लागतं? मामा म्हणतात, बी.एड. कर नाहीतर स्पर्धा परीक्षा दे. साप्ताहिकाचे संपादक म्हणतात, पत्रकारिता वर्गात बसून येत नाही. माझं इंग्रजी कच्चं आहे. आणि वर्ग सुरू व्हायच्या आधी चांगला कॅमेरा घ्यावा का? कृपया नाव छापू नका.

उत्तर:
तुझ्या वडिलांपासून सुरुवात करते, कारण त्यांचा प्रश्न रास्त आहे. वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते. पत्रकाराला आपल्याकडे यातलं काहीच लागत नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ काढलं तेव्हा पत्रकारितेचा अभ्यासक्रम अख्ख्या देशात नव्हता. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ सुरू केलं ते अर्थशास्त्राच्या आणि कायद्याच्या अभ्यासाच्या बळावर. तेव्हा पदवी नसेल तर पत्रकार होता येत नाही, असं मी तुला सांगणार नाही. होता येतं.

तरीही तू शिकावंस असं मला ठामपणे वाटतं, आणि त्याचं कारण आजच्या वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत आहे. पूर्वी नवा मुलगा किंवा मुलगी लागली की तिला एखाद्या जुन्या उपसंपादकाच्या शेजारी बसवत. तिनं लिहिलेली बातमी तिच्यासमोरच लाल व्हायची. इंट्रो, म्हणजे बातमीचा पहिला परिच्छेद, खाली का गेला, तिसरा परिच्छेद वर का आला, मथळ्यातला आकडा बातमीत कुठे आहे, हे सगळं तिथल्या तिथे ऐकून घ्यावं लागायचं. त्या शिक्षणाची फी नव्हती, उलट पगार मिळायचा. तुझे संपादक म्हणतात ते त्या दिवसांपुरतं खरं आहे. आता डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून पान लावणाऱ्या विभागात, माणसं कमी झाली आहेत. एकच जण पान लावतो, वेबसाइटवर बातमी चढवतो, मोबाइलसाठी व्हिडिओला मजकूर लिहितो आणि रात्री अकराच्या आत तालुक्यांना जाणारी डाक आवृत्ती सोडतो. तालुक्याहून आलेली कॉपी, म्हणजे लिहून पाठवलेली बातमी, तो वाचतो, पण पाठवणाऱ्याला फोन करून समजावून सांगायला त्याला सवड नाही. बातमी लागते किंवा लागत नाही, एवढंच तुला कळतं. का लागली नाही, हे कळत नाही. पाच वर्षं असं काम केलंस तर पाच वर्षांचा अनुभव जमा होईल, शिकणं मात्र पहिल्या सहा महिन्यांतच थांबलेलं असेल.

म्हणून अभ्यासक्रम निवडताना मी एकच गोष्ट पाहते. तिथे तुझी कॉपी कोण तपासणार, किती वेळा तपासणार आणि ती कुठे प्रसिद्ध होणार?

हे तुझ्याच घरच्या विषयावर सांगते. समज, तू लासलगावच्या बाजार समितीत लिलावाला गेलीस. ट्रॅक्टर रांगेत लागलेत, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीवर जातोय, बोली होतेय. दुपारी समितीकडून आकडे आले: कमीत कमी ८००, जास्तीत जास्त २,६००, सरासरी १,७०० रुपये क्विंटल. (हे आकडे उदाहरणापुरते आहेत.) तू घाईत मथळा दिलास, ‘कांदा अडीच हजारांच्या पुढे’. खोटं काहीच नाही, आकडा समितीचाच आहे. चांगला उपसंपादक इथे तुला थांबवेल. तो विचारेल, हा भाव किती ट्रॉल्यांना मिळाला? लाल कांदा होता की चाळीत साठवलेला उन्हाळी? आवक किती होती, कालपेक्षा जास्त की कमी? गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, या आकड्यात धरली आहे का? ज्याला ८०० मिळाले त्याच्याशी बोललीस का? त्याच्या हातात हिशेबपट्टी आली तेव्हा हमाली-तोलाई वजा जाऊन किती उरले? आणि शेवटी, मुंबईत बसलेल्या वाचकानं हा मथळा वाचला तर त्याला काय वाटेल? त्याला वाटेल की शेतकऱ्यांची चांदी झाली. तुझ्या वडिलांना त्या दिवशी १,५०० मिळाले असतील आणि संध्याकाळी पुण्याहून पाव्हण्यांचा फोन येईल, ‘काय, यंदा मजा आहे!’

या प्रश्नांपैकी निम्मे तुला घरातूनच माहीत आहेत. शहरातून आलेल्या मुलीला गोल्टी म्हणजे काय इथपासून विचारावं लागेल, तुला नाही. पण माहीत असणं वेगळं आणि लिहायला बसल्यावर तो प्रश्न स्वतःला विचारायची सवय लागणं वेगळं. ही सवय कुणीतरी शेजारी बसून लावावी लागते. पुन्हा पुन्हा, चिडून, कधी बातमी परत पाठवून. चांगल्या अभ्यासक्रमाच्या फीमधून आपण खरं तर हे विकत घेत असतो.

ही कल्पना काही नवी नाही. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठानं १९०८ साली पत्रकारितेचं महाविद्यालय काढलं, तेव्हा वर्ग सुरू झाले त्याच दिवशी विद्यार्थ्यांच्या हातचं वर्तमानपत्रही निघालं. तो फक्त कॉलेजातल्या कॉलेजात वाटायचा अंक नव्हता, गावातल्या लोकांनी वाचायचं पत्र होतं. ‘कोलंबिया मिसुरियन’ या नावानं ते आजही चालतं. मुलं बातमीदारी करतात आणि वरचे संपादक व्यवसायातून आलेले अध्यापक असतात. नगरपालिकेची बातमी चुकली तर नगरपालिकेचा फोन येतो, प्राध्यापकाचा शेरा नंतर. आपल्याकडे चेन्नईच्या एशियन कॉलेज ऑफ जर्नलिझमनं वर्षभराच्या पदव्युत्तर पदविकेत असाच भर प्रत्यक्ष कामावर दिला आहे. दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र अमरावतीला आहे आणि तिथे मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका आहे. तुझ्या यादीत हे नाव नव्हतं म्हणून मुद्दाम सांगते, चौकशी कर.

आता तुझ्या तीन वाटा.

तालुका वार्ताहरकीची तिसरी वाट आहे त्या स्वरूपात घेऊ नकोस. मानधन नाही याचं मला दुःख आहे, पण त्याहून मोठा धोका कमिशनमध्ये आहे. वाढदिवसाची, निवडीची, दिवाळीची जाहिरात तू कुणाकडे मागणार? बाजार समितीच्या संचालकांकडे, सरपंचांकडे, पतसंस्थेच्या अध्यक्षांकडे, शाळा चालवणाऱ्याकडे. उद्या त्याच पतसंस्थेत ठेवी अडकल्या आणि एखादी म्हातारी पासबुक घेऊन तुझ्या दारात आली, तर तू ती बातमी कशी लिहिशील? लिहिलीस तर कमिशन गेलं. नाही लिहिलीस तर तुझं नाव गेलं, आणि तालुक्यात गेलेलं नाव परत येत नाही. बावीसाव्या वर्षी या पेचात पडू नकोस. त्या दैनिकाला स्पष्ट विचार: जाहिरातीची जबाबदारी न देता, प्रसिद्ध झालेल्या प्रत्येक बातमीमागे ठरावीक मानधन देणार का? किंवा त्यांच्या नाशिक कार्यालयात डेस्कवर शिकाऊ म्हणून घेतील का? दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर मात्र ही वाट पहिल्या दोन्हींपेक्षा सरस ठरू शकते. डेस्कवर दिवसाला वीस जणांच्या कॉप्या हाताखालून जातात. दुसऱ्याची बातमी सुधारताना आपली सुधारते.

त्याला जोडून मुक्त विद्यापीठाचा विचार उत्तम आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं मुख्यालयच आपल्या नाशिकला, गंगापूर धरणाकडच्या बाजूला आहे. काम करत शिकणाऱ्यांसाठीच ते १९८९ साली सुरू झालं. दूरशिक्षणाची पदवी म्हणजे दुय्यम, असं कुणी म्हणेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. मात्र त्यात कायदा आणि इतिहास पुस्तकातून मिळेल, कॉपी तपासणारा माणूस तुला बाहेर शोधावा लागेल. म्हणून डेस्कची नोकरी नसेल तर नुसत्या दूरशिक्षणाची शिफारस मी तुला करणार नाही.

खासगी संस्थेत जा, पण प्रवेश घ्यायला नको, आधी विचारायला जा. ते तुला स्टुडिओ दाखवतील. हिरवा पडदा, दिवे, टेलिप्रॉम्प्टर, तीन कॅमेरे. बघ, चांगलं वाटतं. मग शांतपणे सांग, ‘मागच्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याची तपासलेली कॉपी बघायची आहे. पहिली, दुसरी आणि छापून आलेली.’ जिथे खरंच शिकवलं जातं तिथे असे गठ्ठे कपाटात पडलेले असतात किंवा संगणकावर शेऱ्यांसकट साठवलेले असतात, आणि दाखवताना शिक्षकांना आनंदच होतो. जिथे विषय बदलला जातो तिथून उठून ये. विद्यार्थी सरावासाठी काढतात त्या प्रायोगिक पत्राचे मागचे तीन-चार अंक माग. त्यात प्राचार्यांचे सत्कार आणि स्नेहसंमेलनाचे फोटोच भरलेले असतील, तर मुलं आवाराबाहेर पडलेली नाहीत हे समज. शिकवणाऱ्यांपैकी गेल्या पाच वर्षांत बातमीदारी किंवा डेस्क केलेले किती, हेही विचार. ‘शंभर टक्के नोकरी’ म्हणतात ना? मग दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या चार मुलांशी बोलायला माग, आणि ती चार नावं तू निवड, त्यांना निवडू देऊ नकोस. डिप्लोमा कोणत्या विद्यापीठाचा, ते यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, मान्यताप्राप्त यादीत आहे का, हे आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतः तपास. बनावट विद्यापीठांची यादीही आयोग प्रसिद्ध करतो.

शहरात राहूनच शिकायचं असेल तर एचपीटी महाविद्यालयाचा पत्रकारिता विभाग आहे, तिथेही हेच प्रश्न घेऊन जा. नाशिकच्या बऱ्याच दैनिकांत तिथून शिकलेली मंडळी भेटतील. त्यांच्याकडून माहितीपत्रकापेक्षा खरं ऐकायला मिळेल.

राहिलं पुणे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग म्हणजे फर्ग्युसन रस्त्यावरची रानडे इन्स्टिट्यूट. प्रवेश परीक्षेतून प्रवेश मिळतो. विद्यापीठाच्या विभागांची फी खासगी संस्थांच्या मानानं सहसा आवाक्यातली असते, घराचं कंबरडं मोडतं ते खोली आणि खानावळीनं. तेव्हा आधी वसतिगृहाची चौकशी कर, मग फीची. राज्य सरकारच्या महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर राजर्षी शाहू शिष्यवृत्तीपासून अल्पभूधारकांच्या मुलांसाठीच्या वसतिगृह भत्त्यापर्यंत योजना आहेत. तुझ्या अभ्यासक्रमाला आणि प्रवर्गाला कोणती लागू होते, हे प्रवेशाआधी विभागाच्या कार्यालयात विचार आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव. तो जून-जुलैत काढायला गेलीस तर तहसील कचेरीत रांग असते. माध्यम कोणतं आणि पेपर मराठीत लिहिता येतात का, हेही विचारून घे.

तिन्ही वाटांत माझं मत पुण्याकडे झुकतं, आणि त्याचं कारण पदवीच्या कागदाशी निगडित नाही. दोन वर्षं तुला वाचायला आणि चुकायला मिळतील, कुणाचं आयुष्य पणाला न लावता. यातलं ‘कुणाचं आयुष्य’ मी अगदी शब्दशः म्हणते आहे. तू तालुक्यात काम करणार, म्हणजे पोलीस ठाण्याची पायरी रोज चढणार. एके दिवशी लहान मुलीवरच्या अत्याचाराचा गुन्हा दाखल होईल. पॉक्सो कायद्याचं कलम २३ तुला तिची ओळख उघड होईल असं काहीही छापू देत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ बलात्काराच्या गुन्ह्यांतल्या पीडितेबाबत हेच सांगतं, आणि मूल आरोपी असो वा पीडित, बाल न्याय कायद्याचं कलम ७४ त्याला संरक्षण देतं. नाव छापायचं नाही एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण बातमी येते ती अशी: अमुक गावच्या, अमुक शाळेत सातवीत शिकणाऱ्या, वडील टेम्पोचालक असलेल्या मुलीवर शेजारच्या इसमानं. दीड हजार वस्तीच्या गावात आता नाव उरलंय काय? तिची शाळा सुटते ती या बातमीमुळे. लिहिणाऱ्याच्या मनात पाप नसतं. त्याला तपशील द्यायचा असतो, कारण तपशील दिला की बातमी चांगली होते असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. कोणता तपशील काढायचा हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. वर्गात हे वीस बातम्या समोर ठेवून, भांडून शिकता येतं. रात्री साडेदहाला पान सोडताना नाही.

वाचायला मिळतं म्हणाले त्याचंही एक उदाहरण देते. ६ मार्च २०१८ ला नाशिकहून शेतकऱ्यांचा मोर्चा पायी निघाला आणि १२ तारखेच्या पहाटे मुंबईत आझाद मैदानावर पोहोचला. दहावीच्या परीक्षा चालू होत्या, मुलांची अडचण होऊ नये म्हणून माणसं रात्रीच चालत गेली. सोललेल्या, रक्ताळलेल्या पायांचे फोटो देशभर गेले, आणि जायलाच हवे होते. पण ती माणसं सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडून एवढं चालत का गेली, हे सांगायला २००६ चा वनहक्क कायदा माहीत हवा. कसत असलेल्या वनजमिनीवरचा दावा ग्रामसभेत दाखल होतो, उपविभागीय समितीकडे जातो, तिथून जिल्हास्तरीय समितीकडे, आणि वाटेत कुठे अडतो हे कळायला हवं. मंजूर झालेल्या दाव्यात कसत असलेल्या जमिनीपेक्षा कमी क्षेत्र का लागतं, हे विचारता यायला हवं. ही तयारी मोर्चा निघाल्यावर एका रात्रीत होत नाही.

तुझं बी.कॉम. वाया गेलं असं वाटत असेल, तर ते मनातून काढ. ताळेबंद वाचता येणारा बातमीदार मराठी वर्तमानपत्रांना हवा असतो आणि सहजी मिळत नाही. पतसंस्थेचा लेखापरीक्षण अहवाल, महापालिकेचं अंदाजपत्रक, साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल हातात आला की बहुतेक जण पहिल्या पानावरचं अध्यक्षांचं मनोगत वाचून बातमी करतात. तू मागची पानं वाच. मामांनाही सांग की स्पर्धा परीक्षेचं दार यानं बंद होत नाही. सरकारी माहिती अधिकाऱ्यांच्या पदांसाठी पत्रकारितेची पदवी किंवा पदविका मागतात, आणि एम.ए. नंतर नेट ही प्राध्यापकपदासाठीची परीक्षा पास झालीस तर महाविद्यालयात शिकवता येतं.

इंग्रजीचं म्हणशील तर लिहिता उत्तम आलं नाही तरी चालेल, वाचता आलंच पाहिजे. न्यायालयाचे निकाल, सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचे अहवाल, केंद्राच्या अधिसूचना इंग्रजीत येतात. डिसेंबर २०२३ मध्ये कांदा निर्यातबंदीची अधिसूचना आली, मे २०२४ मध्ये बंदी उठली ती किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्काच्या अटी घालून. ‘बंदी उठली’ एवढंच ऐकून लिहिणारा आणि मूळ अधिसूचना वाचून ‘उठली, पण’ लिहिणारा यांच्यात तुझ्या गावातल्या शेतकऱ्याच्या दृष्टीनं फार मोठा फरक होता. रोज एक पान शब्दकोश घेऊन वाच. वर्षभरात भीती जाईल.

प्रवेशाला अजून अवकाश आहे, तोवर हात रिकामे ठेवू नकोस. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर तुझ्या ग्रामपंचायतीचा आराखडा आणि झालेला खर्च दिसतो. त्यातलं एक काम निवड, समज गटार किंवा शाळेची संरक्षक भिंत, आणि जागेवर जाऊन बघ. जे दिसलं ते आणि जे लिहिलंय ते जुळतं का? जुळत नसेल तर लगेच बातमी पाठवू नकोस. ग्रामसेवकांना विचार, ठेकेदाराला विचार, त्यांचं म्हणणं लिहून घे. कागद मिळत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज कर. १० रुपये फी, एका अर्जात एकच विषय, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. झालेल्या कामाची मापं नोंदवतात त्या मोजमाप पुस्तिकेची प्रत माग, नुसतं ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नकोस, तसल्या अर्जाला धड उत्तर येत नाही. कदाचित सगळं जुळेल आणि बातमीच होणार नाही. तरी कागद आणि जागा दोन्ही बघायची सवय लागेल.

नाशिक शहरात आलीस की तिथल्या ‘सार्वजनिक वाचनालय, नाशिक’ या संस्थेत जा. १८४० पासूनची आहे ती. एखाद्या जुन्या सिंहस्थाची वर्तमानपत्रं कुठे पाहायला मिळतील हे तिथे विचार, मिळाली तर ओळीनं वाच. रामकुंडाचं पाणी, साधुग्रामची जागा, पंचवटीतले रस्ते, हेच विषय पुन्हा पुन्हा येताना दिसतील. २०२७ चा सिंहस्थ तुझ्या शिक्षणाच्या काळातच येतोय. पुण्याला असलीस तरी प्रशिक्षणासाठी नाशिकचं दैनिक माग. आखाड्यांच्या मिरवणुकीचे फोटो हजार जण काढतील. तू महाटेंडर्स या सरकारी संकेतस्थळावरच्या निविदा बघ, गोदावरीत कुठला नाला कुठे येऊन मिळतो ते पायी फिरून बघ, साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून लोक का पेटून उठले ते त्यांच्या तोंडून ऐक. प्रशिक्षण म्हणजे प्रेसनोटा टाइप करून घेणं असं अनेक कार्यालयांत चालतं, आणि ते काम तर आता संगणक करून देतो. म्हणून रुजू होतानाच ठरवून घे: आठवड्यात किमान एक बातमी बाहेर जाऊन, आणि ती तपासणाऱ्या माणसाचं नाव.

वडिलांना एक सांग. पहिली एक-दोन वर्षं पगार बेताचा असतो, हे त्यांच्यापासून लपवू नकोस. जमलं तर त्यांना विभाग बघायला सोबत ने. शेतकऱ्याला शब्दांनी पटत नाही, प्रत्यक्ष बघितलं की पटतं. तुझ्या पहिल्या कॉपीवरचे लाल शेरे त्यांना दाखव, आणि तिसरी कॉपीही. पैसे कशासाठी भरतोय हे त्यांना बरोबर कळेल.

आणि कॅमेरा घेऊ नकोस. तुझ्याकडचा मोबाइल पहिल्या वर्षाला पुरतो. कॉलरला लावायचा एक साधा माइक घे, कारण हलतं चित्र लोक सहन करतात, ऐकू न येणारा आवाज नाही. एक छोटा ट्रायपॉड आणि जास्तीची बॅटरी, बस. मोठा कॅमेरा संस्थेचा असतो, तो तिथे वापरायला मिळायलाच हवा, हेही विचारायच्या प्रश्नांत घाल. उरलेले पैसे वसतिगृहाच्या अनामत रकमेसाठी बाजूला ठेव.